पेशींची घंटागाडी थांबली की मेंदूत काय तुंबतं? एकादशी, अडुळसा आणि कंपवाताचं विज्ञान

'उपवासाला नोबेल मिळालं' हा मेसेज दर एकादशीला फिरतो. नोबेल खरं आहे, पण ते उपवासाला नव्हतं. ते होतं पेशींच्या कचरा उचलण्याच्या यंत्रणेला. हीच यंत्रणा बिघडली की कंपवात आणि अल्झायमरसारखे आजार बळावतात. समजून घ्या सोप्या भाषेत.

चाळीसगाव : आषाढी-कार्तिकी जवळ आली की घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा वर येतो. जपानच्या शास्त्रज्ञाने उपवासावर संशोधन केलं, उपाशी पोटी शरीर स्वतःतला रोग खाऊन टाकतं हे सिद्ध केलं आणि त्याला नोबेल मिळालं, असा त्याचा आशय. खाली हात जोडलेल्या इमोजी आणि 'आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं' अशी ओळ.

यातलं अर्धं खरं आहे. योशिनोरी ओसुमी नावाचे जपानी शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांना ३ ऑक्टोबर २०१६ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पण त्यांनी प्रयोग केले ते यीस्टवर, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या बुरशीवर. त्यात कुणा माणसाचा उपवास नव्हता आणि कुणी रुग्णही नव्हता.

मेसेज चुकीचा असला तरी ओसुमींनी उलगडलेली प्रक्रिया फार महत्त्वाची आहे. ज्या घरात आजोबांचा हात थरथरतो किंवा आजी पाचव्यांदा तोच प्रश्न विचारते, त्या प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे.

ऑटोफॅजी म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत 'ऑटो' म्हणजे स्वतः आणि 'फॅजी' म्हणजे खाणं. पेशी स्वतःचेच खराब झालेले भाग गोळा करते, मोडते आणि त्यातून मिळालेला कच्चा माल परत वापरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३मध्ये हे नाव दिलं. त्याआधी १९५५मध्ये त्यांनीच पेशीतला 'लायसोझोम' शोधला होता. त्यांना १९७४चं नोबेल मिळालं.

गल्लीत रोज सकाळी येणारी घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. पेशीतही तशीच व्यवस्था आहे.

• कचरा : चुकीची घडी पडलेली प्रथिनं, जुनी झालेली मायटोकाँड्रिया (पेशीची वीजनिर्मिती केंद्रं), कधी पेशीत घुसलेले जंतू.

• खूण : काय फेकायचं त्यावर 'युबिक्विटिन' नावाच्या छोट्या प्रथिनाचं लेबल लागतं.

• गाडी : लेबल लागलेल्या मालाभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते. तिला ऑटोफॅगोझोम म्हणतात.

• डेपो : ही पिशवी लायसोझोमला जाऊन मिळते. लायसोझोमच्या आत आम्लता असते आणि पन्नासहून जास्त प्रकारची विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. ती प्रथिनं, चरबी, साखर सगळ्यांचे तुकडे करतात.

• भंगारातून कमाई : सुटे झालेले अमिनो आम्लांसारखे घटक पेशी पुन्हा वापरते.

लहानसहान प्रथिनं मोडायला पेशीकडे 'प्रोटिआझोम' नावाचं वेगळं यंत्रही आहे. पण गुठळी झालेलं प्रथिन किंवा अख्खं मायटोकाँड्रियन त्या यंत्राच्या तोंडात मावत नाही. त्यासाठी घंटागाडीच लागते.

ओसुमींनी काय शोधलं?

नाव १९६३मध्ये मिळालं, तरी ही गाडी कोण बनवतं आणि कोण चालवतं, हे पुढची तीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. ओसुमींनी १९८८मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियोत स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली.

त्यांची युक्ती साधी होती. डेपोत माल येताच मोडला जातो, म्हणून तो दिसत नाही. मग डेपोतली मोडणारी विकरंच बंद केली तर? त्यांनी अशी विकरं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत यीस्टच्या डेपोत न मोडलेल्या पिशव्यांची गर्दी सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसली. त्यानंतर त्यांनी हजारो बदललेले यीस्ट तपासून ही यंत्रणा चालवणारी १५ जनुकं शोधली. ते काम १९९३मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे तशीच जनुकं माणसातही सापडली.

मेसेजमधला 'उपवास' आला तो इथून. उपाशी होतं ते यीस्ट.

मेंदूच्याच पेशींना एवढा फटका का बसतो?

कातडीची पेशी खराब झाली तर झडून जाते आणि नवी येते. पेशीचं विभाजन होताना साठलेला कचराही दोघींत वाटला जातो. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींचं तसं नाही. जन्माच्या वेळी मिळालेली पेशीच सत्तर-ऐंशी वर्षं काम करते. तिला बदली नाही आणि कचरा वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही.

दुसरी अडचण अंतराची. चेतापेशीचा तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, खूप लांब असतो. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटरचा असू शकतो. कचऱ्याच्या पिशव्या बऱ्याचदा तंतूच्या टोकाला तयार होतात आणि मुख्य डेपो असतो पेशीच्या मध्यभागी. चाळीसगाव-धुळे ही जशी एकेरी रेल्वेलाइन आहे, तसंच समजा. मधे एक डबा रुळावरून घसरला की मागचं सगळं अडकतं.

या पिशव्या ओढणारं इंजिन म्हणजे 'डायनिन' नावाचं प्रथिन. त्यावर महत्त्वाचं काम मुंबईत झालं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) रूप मल्लिक यांच्या गटाने २०१६मध्ये 'सेल' या नियतकालिकात दाखवलं की, पेशीने बाहेरून गिळलेल्या मालाच्या पिशवीवर डायनिनची इंजिनं सुटी-सुटी बसत नाहीत. पिशवीच्या पडद्यावर कोलेस्टेरॉलने भरलेले छोटे पट्टे असतात. इंजिनं तिथे जमतात आणि एकत्र जोर लावून पिशवी लायसोझोमकडे ओढतात. एकटं इंजिन अशक्त असतं, दहा मिळून मालगाडी हलवतात, असा हा प्रकार.

यंत्रणा बंद पडली तर काय होतं, याचं उत्तर २००६मध्ये मिळालं. जपानच्या दोन गटांनी उंदरांच्या फक्त मेंदूतली ऑटोफॅजीची जनुकं बंद केली. त्या उंदरांना दुसरा कोणताही आजार दिला नव्हता. तरीही त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साठल्या, हालचाल बिघडली आणि पेशी मरू लागल्या. रोग बाहेरून यावा लागला नाही. झाडलोट थांबली एवढंच पुरेसं होतं.

कंपवातात काय बिघडतं?

पार्किन्सन्स म्हणजे आपल्याकडचा कंपवात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरतात. मरणाऱ्या पेशींत 'अल्फा-सिन्युक्लिन' या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. हे प्रथिन द्रवासारख्या थेंबांत जमून मग हळूहळू घट्ट कसं होतं, हे आयआयटी मुंबईच्या समीर माजी यांच्या गटाने २०२०मध्ये 'नेचर केमिस्ट्री'त दाखवलं.

ही गुठळी वेळेत का उचलली जात नाही? इथे तीन दुवे महत्त्वाचे आहेत.

१. खराब मायटोकाँड्रिया. 'पार्किन' आणि 'पिंक-१' ही दोन जनुकं बिघडली तर तरुण वयातही कंपवात होऊ शकतो. पार्किन १९९८मध्ये सापडलं, पिंक-१चा संबंध २००४मध्ये कळला. दोघं मिळून एकच काम करतात. मायटोकाँड्रियन खराब झालं की पिंक-१ त्याच्या पृष्ठभागावर साठतं आणि पार्किनला बोलावतं. पार्किन त्यावर 'फेकून द्या' असं लेबल लावतं. लेबल लागलंच नाही तर बिघडलेलं वीजकेंद्र आतच ठिणग्या टाकत राहतं.

२. डेपोतलं विकर. गॉशे नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्यात लायसोझोममधलं एक विकर कमी पडतं, त्यामुळे एक प्रकारची चरबी मोडली जात नाही. लहान मुलाची पाणथरी (प्लीहा) आणि यकृत वाढतं, पोट फुगतं. डॉक्टरांच्या लक्षात आलं की अशा रुग्णांत, आणि एकच बिघडलेली प्रत असलेल्या त्यांच्या नातेवाइकांतही, कंपवात जास्त दिसतो. २००९मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र तपासल्यावर आकडा आला : कंपवाताच्या रुग्णांत या 'जीबीए-१' जनुकातला बिघाड सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा पाचपटीहून जास्त.

३. वय. उतारवयात ही सगळी यंत्रणाच मंदावते. म्हणून जनुकं ठीक असलेल्यांनाही साठीनंतर धोका वाढतो.

आणि अल्झायमर?

अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर 'अमिलॉइड' आणि आत 'टाऊ' हे प्रथिन साठतं. गेल्या काही वर्षांत आलेली लेकानेमॅबसारखी इंजेक्शनं अमिलॉइड काढतात. १८ महिन्यांच्या चाचणीत त्यामुळे आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ती थांबली मात्र नाही.

न्यूयॉर्कचे राल्फ निक्सन यांच्या गटाने २०२२मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून वेगळी बाजू मांडली. बाहेर अमिलॉइड साठण्याच्या आधीच पेशीच्या आतले लायसोझोम आम्लता गमावतात. डेपोत गाड्या येतात, पण माल रिकामा होत नाही. पेशी फुगते, फुलाच्या पाकळ्यांसारखी दिसू लागते आणि मरते. हे माणसातही असंच घडत असेल, तर रस्त्यावरचा कचरा उचलण्याआधी डेपो दुरुस्त करावा लागेल.

भारतात हा प्रश्न लहान नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचं प्रमाण शहरापेक्षा गावात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळलं.

फवारणीचा काय संबंध?

कापूस आणि केळीच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. 'रोटेनॉन' हे कीटकनाशक मायटोकाँड्रियाचं काम थेट बंद पाडतं. 'पॅराक्वॅट' हे तणनाशक पेशीत घातक ऑक्सिजन रेणूंचा मारा करतं. दोन्हींमुळे खराब मायटोकाँड्रियांचा ढीग वाढतो आणि घंटागाडीवर ताण येतो.

अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात २०११मध्ये दिसलं की, ही रसायनं वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट होतं. याचा अर्थ फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असा नाही. पण युरोपीय संघात पॅराक्वॅटला २००७पासून परवानगी नाही आणि आपल्याकडे ते तणनाशक म्हणून वापरलं जात आलं आहे. हातमोजे न घालता औषध कालवणं, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून फवारणं, त्याच कपड्यांवर जेवायला बसणं, हे तरी आजपासून थांबवता येतं.

खोकल्याच्या औषधाने कंपवात बरा होतो का?

इथे कथेत अडुळसा येतो. खोकल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या अडुळशात 'व्हॅसिसिन' हे द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं आणि त्यातून पुढे 'अ‍ॅम्ब्रोक्सॉल'. आज मेडिकलवर मिळणाऱ्या कफाच्या अनेक सिरपच्या लेबलवर हे नाव दिसतं.

अ‍ॅम्ब्रोक्सॉल गॉशे आजारातल्या त्याच कमी पडणाऱ्या विकराला नीट घडी घालायला मदत करतं आणि लायसोझोमपर्यंत पोचवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. म्हणून लंडनमध्ये कंपवाताच्या १७ रुग्णांना ते देऊन पाहिलं. निष्कर्ष २०२०मध्ये आले. औषध मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचलं, तिथे विकराचं प्रमाण वाढलं आणि रुग्णांना ते सोसलं. पण तुलनेसाठी साध्या गोळीचा दुसरा गट नव्हता. त्यामुळे आजार मंदावला का, हे त्या चाचणीतून सांगता येत नाही. त्यासाठीची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये सुरू आहे.

कॅनडात कंपवातासोबत स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. औषध सुरक्षित वाटलं, पण स्मरणशक्तीत ठळक सुधारणा झाली नाही.

आता महत्त्वाचं. लंडनच्या चाचणीत डोस होता दिवसाला १,२६० मिलिग्रॅम, आणि खोकल्याची एक गोळी असते साधारण ३० मिलिग्रॅमची. सिरपमध्ये तर इतरही औषधं मिसळलेली असतात. त्यामुळे सिरपच्या बाटल्या रिचवून किंवा अडुळशाचा काढा पिऊन कंपवात थांबेल, असा अर्थ कुणी काढू नये.

बंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या रवी मंजिथाया यांच्या गटाने २०१७मध्ये '६-बायो' नावाचा रेणू मांडला. तो ऑटोफॅजी वाढवून उंदरांच्या मेंदूतल्या अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्या कमी करतो. तेही अजून माणसाचं औषध झालेलं नाही.

अडचण अशी की, नुसत्या गाड्या वाढवून काम होत नाही. डेपोच बंद असेल तर वाढलेल्या गाड्या दाराशी कोंडी करतील. शिवाय कर्करोगाच्या काही पेशी जगण्यासाठी हीच यंत्रणा वापरतात. म्हणून कोणत्या रुग्णात यंत्रणा नेमकी कुठे अडली आहे, हे आधी ओळखावं लागेल.

मग एकादशीचं काय?

उपाशी असताना पेशीतली ऑटोफॅजी वाढते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पक्कं आहे. पेशीत 'एमटॉर' नावाचा एक स्विच असतो. अन्न भरपूर असलं की तो चालू राहतो आणि झाडलोट मंद ठेवतो. अन्न तुटलं की तो बंद होतो आणि गाड्या निघतात.

पण माणसाच्या जिवंत मेंदूत ऑटोफॅजी किती चालली आहे, हे मोजणारी चाचणी दवाखान्यात उपलब्ध नाही. त्यामुळे '१६ तास उपाशी राहा, मेंदू साफ होतो' हे आकडे पुराव्यावर उभे नाहीत. आणि आपला उपवास तर साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच नाही पडली.

एकादशी श्रद्धेने करायची तर जरूर करावी. तिला नोबेलच्या शिक्क्याची गरज नाही. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायक खाली जाऊ शकते. कंपवाताच्या रुग्णाचं पाणी कमी पडलं तर उठताना रक्तदाब घसरून तोल जातो. आणि कंपवाताची लेव्होडोपाची गोळी 'शरीर शुद्ध होऊ दे' म्हणून अचानक बंद केली, तर अंग ताठरून तीव्र ताप येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो.

झोपेत मेंदू धुतला जातो?

हेही मेसेजमधून फिरतं. २०१३मध्ये अमेरिकेतल्या माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की, झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि द्रव वाहून कचरा बाहेर नेतो. २०२४मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच उलट निकाल मिळाला. वाद सुरू आहे. पण अपुरी झोप मेंदूला चांगली नाही, यावर दोन्ही बाजूंचं भांडण नाही.

घरात काय लक्ष ठेवायचं?

कंपवाताची सुरुवात थरथरण्यानेच होते असं नाही. त्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी येणं, सततची बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडणं किंवा ओरडणं अशी लक्षणं दिसू शकतात. नंतर अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. यातलं एखादं लक्षण इतर कारणांनीही असतं. दोन-तीन एकत्र दिसली तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

२०२४मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने सांगितलं की, स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येण्याजोगी आहेत. त्यासाठी १४ गोष्टींवर काम करायला हवं. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, ऐकू कमी येणं, डोक्याची इजा, एकटेपणा आणि व्यायामाचा अभाव आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही. हेल्मेट आणि कानाचं मशीन हीसुद्धा मेंदूची औषधं आहेत.

उपचारांचा रस्ता मात्र सोपा नाही. जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण मेंदूविकारतज्ज्ञासाठी खान्देशातल्या अनेकांना नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. थरथरत्या माणसाला घेऊन चाळीसगाव जंक्शनवर गाडी पकडणं म्हणजे सोबतच्या माणसाचा एक रोज बुडणं. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला मेंदूविकार दिवस आणि 'ई-संजीवनी'वर तज्ज्ञाचा सल्ला, ही मागणी अवाजवी नाही. नवं औषध कधी ना कधी येईल. पण ज्याचं निदानच झालेलं नाही, त्याच्यापर्यंत ते पोचणार कसं?

लक्षात ठेवा

• उपवास, काढा किंवा सिरप यांपैकी कशासाठीही कंपवाताची, मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नका. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्या.

• लेव्होडोपा आणि प्रथिनयुक्त जेवण यांत अंतर ठेवावं लागू शकतं. वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

• कंपवाताच्या रुग्णांना रोज चालणं, ताणाचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांचा फायदा होतो.

• मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करतात.

• लहान मुलाचं पोट पाणथरीमुळे फुगलं असेल, तर गॉशेसारख्या आजाराची तपासणी होते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

• 'नोबेल मिळालं' असं लिहिलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा : प्रयोग कुणावर झाला होता, माणसावर की यीस्टवर?